प्रतिसाद: ईसीजीत लीड १ उलटी दिसली की हृदय उजवीकडेच?

ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखात, लीड १ (दोन हातांमधली नोंद) उलटी आणि एव्हीआर (उजव्या हाताच्या बाजूची नोंद) सरळ दिसली की हृदय छातीत उजवीकडे, हे विधान अर्धंच बरोबर आहे. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली तरी हेच चित्र येतं, आणि व्यवहारात तीच चूक जास्त आढळते. फरक छातीच्या लीड्समध्ये कळतो. तारा चुकल्या असतील तर व्ही १ ते व्ही ६ या छातीच्या सहा लीड्समध्ये आर लहर (आलेखातलं वर जाणारं उंच टोक) नेहमीसारखी वाढत जाते. हृदय खरंच उजवीकडे असेल तर ती व्ही ६कडे खुजी होत जाते. असं असेल तर हातांच्या तारा मुद्दाम उलट लावून, व्ही १-व्ही २ची अदलाबदल करून आणि व्ही ३ ते व्ही ६ उजव्या बाजूला त्याच जागी लावून दुसरा ईसीजी काढावा. कागदावर तसं ठळक लिहावंच, नाहीतर पुढचा डॉक्टर फसतो.

एक्स-रेत फक्त हृदय पाहू नका, जठरातला हवेचा फुगा आणि यकृत कोणत्या बाजूला आहेत तेही पाहा. पोटातले अवयवही आरशातल्यासारखे उलट बाजूंना असतील तर अपेंडिक्सचं दुखणं सहसा डाव्या ओटीपोटात येतं. हृदयाला विजेचा शॉक द्यायची वेळ आली तर त्याचे पॅडही आरशातल्यासारखे: एक डाव्या हासळीखाली, दुसरा उजव्या काखेखाली. सोबत लहानपणापासून ओला खोकला, सायनसचा त्रास असेल तर कार्टाजेनर सिंड्रोमची (अवयव उलट बाजूंना असणं आणि श्वासमार्गातल्या सूक्ष्म केसांचा जन्मजात दोष एकत्र असलेला आजार) तपासणी टाळू नका.