अनुभव धागा: शिक्षकांनी शिक्षकांसाठी भरवलेली प्रशिक्षणं (ठाणे-नवी मुंबई)

कोपरीच्या बाई

नमस्कार मंडळी. वरून आलेली प्रशिक्षणं आपण सगळेच करतो, हा धागा त्याबद्दल नाही. विषय तुम्ही ठरवला, बोललातही तुम्हीच आणि नंतर वर्गात काहीतरी खरंच बदललं असे अनुभव हवेत. शाळेचं नि साहेबांचं नाव नको, बाकी मोकळेपणाने लिहा, मोठं झालं तरी चालेल.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या भागातल्या काही मनपा आणि काही अनुदानित शाळांच्या प्राथमिकच्या शिक्षकांचा गट आहे, शनिवारी सकाळची शाळा सुटली की कुणाच्यातरी वर्गात बसतो. अट एकच, प्रत्येकाने आपल्या मुलांच्या चुकलेल्या वह्या आणायच्या, सुवाच्य अक्षरातल्या आदर्श वह्या नकोत. वजाबाकीच्या दिवशी वह्या बाकांवर पसरल्या तर ५२ वजा २७ चं उत्तर ३५ हे वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांनी लिहिलेलं! म्हणजे पोर निष्काळजी नाहीये, त्याने मनाशी नियमच केलाय की मोठ्यातून लहान काढायचं, मग मोठा अंक वर असो की खाली, सातातून दोन गेले पाच. एकट्याच्या वर्गात हे दिसतं तेव्हा आपण 'लक्ष नाही' म्हणून लाल रेघ मारतो, दहा वह्या शेजारी ठेवल्यावर त्यातला विचार दिसतो. मग एका सरांनी काड्या काढल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि म्हणाले मला सत्तावीस द्या बघू. सुट्या दोनच असल्यावर गठ्ठा सोडावाच लागतो. त्यावर एक बाई म्हणाल्या, अहो काड्यांवर पोरं बरोबर करतात, वहीत आली की परत ३५. सगळा वेळ त्यावरच गेला आणि गेला ते बरं झालं, कारण त्यातून ठरलं की गठ्ठा सोडला की त्याच क्षणी वहीत पाचाचे चार आणि दोनाचे बारा करायचे, आधी काड्या मग वही असं वेगळं ठेवायचंच नाही. सोमवारी वर्गात हेच केलं. ज्या मुलांचं वर्षभर अडलं होतं त्यातली बरीचशी त्या आठवड्यातच सुटली.

निवृत्त केंद्रप्रमुख

बाई, फार छान लिहिलंत. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, महिन्याची शिक्षण परिषद असते ती खरं तर याचसाठी, पण होतं काय की अर्धा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो नि उरलेला ऑनलाइन माहिती भरली का नाही यात. मी केंद्र सांभाळत होतो तेव्हा सूचना सगळ्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो आणि परिषदेत त्यावर एक शब्द बोलायचा नाही असं सांगून ठेवलं होतं. पाठ कोण घेणार हे शिक्षकच ठरवायचे, आणि बंधन असं की नवीन लागलेल्या शिक्षकाने आधी बोलायचं, ज्येष्ठांनी नंतर. ज्येष्ठ बोलून गेले की तरुण पोरं नुसती मान डोलवतात हो. साताऱ्याचं कुमठे बीट (बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून भाग) आठवत असेल सगळ्यांना, राज्यभरातून शिक्षक तिथे वर्ग बघायला जायचे. तिथली जमिनीवर आखलेली चित्रं पुष्कळांनी आपल्या शाळेत उतरवून घेतली, पण तिथले शिक्षक एकमेकांच्या शाळेत जाऊन काय बघतात, काय विचारतात हे फार कमी जणांनी उचललं, माझ्या मते खरी गोष्ट तीच होती.

तलावपाळी

आम्ही ठाण्यात एडकॅम्पच्या धर्तीवर एक दिवस केला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिला एडकॅम्प २०१० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला झाला, तिथे आधीपासून ठरलेले वक्ते नसतात, सकाळी कोरा तक्ता लावायचा, ज्याला जे बोलायचंय ते चिठ्ठीवर लिहून त्यावर चिकटवायचं आणि त्यातूनच दिवसाचं वेळापत्रक तयार होतं. आणि एक नियम, एखादं सत्र आपल्या कामाचं नाही वाटलं तर बिनदिक्कत उठून दुसऱ्या खोलीत जायचं. पहिली चिठ्ठी यायला खूप वेळ लागला पण एक आली तशा भराभर आल्या, 'शिपाई नाही, वर्ग कधी झाडू', 'पालक मोबाइल देतात', 'इंग्रजी वाचता येत नाही पाचवीला', सगळं खरंखुरं. अडलं ते उठून जाण्यावर. आपल्याकडे मोठं माणूस बोलताना उठणं म्हणजे अपमान, तो नियम कितीही वेळा सांगितला तरी लोक बसूनच राहिले, कंटाळलेले दिसत होते तरी. मग दुपारी आम्ही शाळेची घंटा वापरली, सत्राच्या मध्यावर घंटा आणि घंटा झाली की सगळ्यांनीच उभं राहायचं, मग ज्याला जायचंय तो जाईल, राहायचंय तो परत बसेल. एकटं उठावं लागलं नाही की लोक जातात. कुणी असं काही करणार असेल तर ही घंटा नक्की ठेवा.

ऐरोली_गणित

आम्ही जपानी पद्धतीचा पाठ अभ्यास करतो, तिकडे शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे ही. तिघं-चौघं मिळून एकच पाठ तयार करतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे बघतात, पण बघायचं शिक्षकाकडे नाही, मुलांकडे! हा फरक आपल्या अंगवळणी पडत नाही कारण आपल्याकडे कुणी मागे येऊन बसलं की तपासणीच वाटते. माझ्या पाठाला सहकारी बाई खिडकीजवळच्या एका मुलीशेजारी बसल्या. त्या मुलीने पूर्ण तासिकेत सगळी उत्तरं बरोबर लिहिली होती, मी वही बघून शाबासकी देऊन पुढे गेले असते. बाईंनी नंतर सांगितलं, ती प्रत्येक वेळी फळ्यावर उत्तर येईपर्यंत पेन्सिलला टोक काढत होती, उत्तर आलं की झटकन लिहायची. मला समोरून हे कधीच दिसलं नसतं. आता मी उत्तर फळ्यावर लिहायच्या आधी 'शेजारच्याला दाखव' म्हणते.

पाम बीच_मराठी

नेरूळ. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली पण घरी तमिळ, बंगाली, हिंदी बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवायची कशी हे आमच्यापैकी कुणाला कुणी शिकवलंच नव्हतं, बीएडला मराठी पद्धती केली तीही मराठी येणाऱ्या मुलांसाठीच. वाशी, नेरूळ, बेलापूर अशा आम्ही मराठीच्या बाई एकत्र आलो, प्रत्येक शाळेत एकटीच असते ना मराठीची. लिंगावर सगळ्यात जास्त चर्चा होते, 'माझा पेन्सिल' ऐकून ऐकून कान किटलेत, यादी पाठ करून काहीही होत नाही. एका मैत्रिणीने सुचवलं की शब्द एकटा द्यायचाच नाही, 'माझी पेन्सिल', 'तुझं दप्तर', 'त्याचा डबा' असा जोडीनेच द्यायचा पहिल्या दिवसापासून. सगळ्यांनी करून बघितलं, लहान वर्गात मस्त चालतं, सातवी-आठवीत मात्र सवय मोडायला वेळ लागतो.

कसारा लोकल

राहतो कळव्याला, शाळा शहापूर तालुक्यात, आसनगावला उतरून पुढे वडापने. आमचं प्रशिक्षण ट्रेनमध्येच होतं असं म्हणा, डब्यात त्या बाजूच्या शाळांचे आम्ही रोजचे सोबती. बहुतेक द्विशिक्षकी शाळा, मुलं ठाकूर आणि कातकरी. पहिलीतलं पोर गप्प बसतं ते येत नाही म्हणून नाही, आपली भाषा त्याची नाही म्हणून. आम्ही ट्रेनमध्ये वही फिरवायला लागलो, ज्याला मुलांकडून जो शब्द कळला तो लिहायचा, भांडी, पाखरं, रानभाज्या, नात्यांची नावं. आता ती वही जाडजूड झालीय आणि नवीन बदलून आलेल्या शिक्षकाला पहिल्यांदा तिचीच झेरॉक्स देतो.

घोडबंदर_आई

सगळ्यांचं वाचून आनंद झाला पण एक सांगायचंय, थोडं रागानेच. हे सगळं हौसेने करा म्हणणं सोपं असतं. आमच्या इथे असा गट रविवारी सकाळी भरायचा आणि येणारे जवळजवळ सगळे पुरुष, प्राथमिकला शिकवणाऱ्या आम्ही बायका इतक्या असून! रविवारी घरी सासूबाईंचं औषधपाणी, मुलांचा अभ्यास, आठवड्याचं निवडणं-टिपणं, त्यात वर्षभर बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. मी स्पष्ट बोलले तेव्हा वेळ बदलली, आता शनिवारी शाळा सुटल्यावर लगेच, मुलं सोबत आणलेली चालतात. कोपरीच्या बाईंचा गट शनिवारीच बसतो हे वाचून फार बरं वाटलं. आणि नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, तेही स्वतःच्या आवडीनुसार. मग आमचे हे शनिवार त्या तासांत धरले पाहिजेत, हे आपण मिळून मागूया.

वागळे_विज्ञान

घोडबंदर_आई, शंभर टक्के. माझा मुद्दा वेगळा आहे. आपणच आपल्याला शिकवायचं हे मला मनापासून पटतं, तरी विषयज्ञान लागतं तिथे जपून. आमच्या गटात चंद्रकला का होतात यावर बहुतेक सगळे म्हणाले पृथ्वीची सावली पडते म्हणून, आणि इतक्या जणांचं एकमत बघून गप्प बसणारेही होते. पृथ्वीची सावली पडते ती चंद्रग्रहणात. एका बाईंनी मग पडदे ओढून बल्ब लावला, प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला टोचलेला एक-एक प्लॅस्टिकचा बॉल, तो डोक्याच्या थोडा वर धरून जागच्या जागी गोल फिरायचं. बॉलचा अर्धा भाग कायम उजळलेलाच, आपल्याला त्यातला कधी थोडा कधी पूर्ण दिसतो, सावलीचा प्रश्नच नाही. तेव्हापासून ज्या मुद्द्यावर शंका राहते तो आम्ही वेगळ्या रंगाने लिहितो, पाठ्यपुस्तकात नि जाणकारांकडे तपासतो. इथून मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काही लांब नाही. पण प्रश्न आपले घेऊन जायचे, नुसतं व्याख्यान ऐकायला नाही.

कोपरीच्या बाई

वागळे_विज्ञान, बॉल आणि बल्बचं आमच्या गटात येऊन दाखवाल का? चौथी-पाचवीच्या सगळ्यांना लागेल ते. आणि कसारा लोकल, त्या वहीची एक झेरॉक्स आम्हालाही द्या, आमच्याकडे वीटभट्टीवरून येणारी मुलं आहेत.