जर्मनीतील प्रांतिक मंडळ्या राष्ट्रीय मंडळीत स्वायत्त राहतात का?

प्रश्न :
जर्मनीत 20 प्रांतिक प्रोटेस्टंट मंडळ्या (म्हणजे चर्च-संस्था) आहेत आणि त्या सर्व 'जर्मनीतील इव्हँजेलिकल मंडळी' या राष्ट्रीय संस्थेच्या सभासद आहेत. राष्ट्रीय महासभेने केलेला कायदा प्रांतिक मंडळीला पाळावाच लागतो का, की ही एकी नावापुरतीच आहे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर 1 :
एकी नावापुरती नाही. पण प्रांतिक मंडळ्या राष्ट्रीय संस्थेच्या शाखाही नाहीत. 1948 साली आयझेनाख येथे संमत झालेल्या घटनेनुसार ही संस्था म्हणजे लुथरन (मार्टिन लूथरची परंपरा), रिफॉर्म्ड (कॅल्विन आदींची परंपरा) आणि संयुक्त (या दोन्ही एकत्र आलेल्या) अशा तिन्ही परंपरांच्या मंडळ्यांचा समूह आहे. प्रत्येक मंडळीची महासभा, कायदे आणि अंदाजपत्रक स्वतंत्र असते. आजवर प्रांतांच्या अखत्यारीत असलेल्या विषयावर राष्ट्रीय कायदा करायचा झाला, तर त्यांची संमती घ्यावी लागते.

पैशाचा ओघ पाहिला की हे चटकन ध्यानात येते. मंडळी-कर, म्हणजे सभासदांकडून आयकराच्या प्रमाणात घेतला जाणारा कर, प्रांतिक मंडळीचा असतो आणि त्यातून ती राष्ट्रीय संस्थेला वर्गणी देते. म्युनिकचा सभासद हॅम्बुर्गला राहायला गेला, की तो आपोआप दुसऱ्या प्रांतिक मंडळीचा सभासद होतो आणि त्याचा मंडळी-कर आयकराच्या 8 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर जातो.

उत्तर 2 :
वरील उत्तराला इतिहासाची जोड द्यावीशी वाटते, कारण ही स्वायत्तता केवळ कारभाराची सोय आहे असे मला वाटत नाही. 1933 साली नाझी राजवटीच्या दबावाखाली एकच 'राष्ट्रीय मंडळी' उभी करण्यात आली आणि लुडविग म्युलर हे तिचे राष्ट्रीय बिशप झाले. प्रांतिक मंडळ्या तिच्यात बळाने विलीन करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा व्युर्टेम्बर्गचे बिशप टेओफिल वुर्म आणि बव्हेरियाचे हान्स मायझर यांनी विरोध केला. ऑक्टोबर 1934 मध्ये दोघांनाही नजरकैदेत ठेवले गेले. मात्र भाविक रस्त्यावर उतरल्यामुळे त्याच महिन्यात त्यांची सुटका करावी लागली. ज्या मंडळ्यांचा कारभार स्वतःच्या हाती उरला होता, त्यांनाच असा विरोध करता आला, हे विसरून चालणार नाही.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. मग 2015 साली राष्ट्रीय संस्थेच्या घटनेत झालेल्या दुरुस्तीने ही स्वायत्तता कमी झाली का?

उत्तर 1 :
माझ्या मते नाही. त्या दुरुस्तीने राष्ट्रीय संस्थाही 'मंडळी' ठरली, परंतु आपल्या सभासद मंडळ्यांचा समूह या नात्यानेच. अधिकारांची वाटणी बदलली नाही. स्वायत्ततेची दुसरी बाजूही मात्र सांगितली पाहिजे. इतरत्र स्त्रिया पाळक (मंडळीचे धर्मगुरू) म्हणून सेवा करत असताना शाउम्बुर्ग-लिपे या चिमुकल्या मंडळीने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यास थेट 1991 साली मान्यता दिली आणि तोही निर्णय तिच्या स्वतःच्या महासभेने घेतला.