वाद घातला म्हणून काहीतरी हाती लागलं

दादा, तुम्ही म्हणताय की ऑनलाइन जाहीर भांडणात पडून कोणाचं मत बदलत नाही, उलट माणसं दुरावतात. दुरावतात हे खरंय, 2023 ला आमच्या कोकणात, राजापूरजवळ बारसूत रिफायनरीसाठी माती परीक्षण चालू होतं तेव्हा आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असं जुंपलं की दोन चुलतभाऊ गणपतीत एकमेकांकडे आरतीला गेले नाहीत, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पण त्याच भांडणात एकाने तिथल्या सड्याबद्दल, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराबद्दल लिहिलं, सड्यावर आहे काय, नुसता जांभा नि गवत. मी लिहिलं, अरे त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत, मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघासारखी जनावरं कोरलीयत, आणि 2022 ला कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली त्यात बारसू पण आहे. तो मानला नाहीच, मलाच विकासविरोधी म्हणाला. पण ग्रुपवर कधी एक अक्षर न लिहिणाऱ्या आतेबहिणीचा मुंबईहून फोन आला, हे आपल्याकडे आहे मला माहीतच नव्हतं रे, आणि पुढच्या मे महिन्यात मुलांना घेऊन आली, भर उन्हात आम्ही सडा फिरलो.

म्हणून मी अजून लिहितो. समोरचा आईबापावर आला की मात्र थांबतो. आणि रोजगाराचं म्हणणाऱ्यांचं पण खोटं नाही, आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं आहेत, हे त्यांनी तिथे लिहिलं म्हणून मी शांतपणे वाचलं तरी, समोरासमोर ऐकून घेतलं नसतं.