पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल: प्रयत्न करावा की नाही?

रानजाई
वहिनीचं पहिलं बाळंतपण सिझरने झालं, बाळ पायाळू होतं म्हणून. या खेपेला बाळाचं डोकं खाली आहे आणि तिला नॉर्मल हवंय. घरात मात्र सगळे ‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हेच धरून बसलेत. हे वाक्य न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांचं, १९१६ सालचं! तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. तो कळांमध्ये फाटण्याची भीती खरोखरच मोठी असते. आता छेद खालच्या भागात आडवा घेतात. असा एकच छेद असेल तर साधारण २०० जणींत एकीचं गर्भाशय फाटतं. प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी जवळपास तिघींचं नॉर्मल होतं. मग तिला अडवायचं कशासाठी?

अबोली
त्या एकीचं काय होतं तेही लिहा ना. बहुतेक वेळा आधी बाळाचे ठोके घसरतात. कधी दोन कळांच्या मध्येही पोट दुखायचं थांबत नाही, कधी खाली आलेलं डोकं पुन्हा वर सरकतं. तिथून पुढे प्रश्न मिनिटांचा. ऑपरेशन थिएटर तयार, भूलतज्ज्ञ हजर आणि रक्त हाताशी असेल तर बहुतेकदा दोघंही सुखरूप राहतात. नसेल तर बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो, आईचं गर्भाशय काढायची वेळ येऊ शकते. माझा विरोध आहे तो यासाठी.

सांजवेळ
अबोली, तुम्ही सिझरचा धोका शून्य धरताय. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) जुन्या टाक्यांत रुतण्याची शक्यता वाढत जाते. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर दुसऱ्या सिझरला हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास, तिसऱ्याला ४०. अशी वार सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही. जिला आणखी मुलं हवीत तिने याचा विचार आजच करायला हवा.

अबोली
तिसरं नकोच असेल तर? शिवाय सगळ्यात जास्त त्रास होतो तो तासन्‌तास कळा सोसून शेवटी सिझर झालं तर. त्यात जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त. आणि तारीख उलटली म्हणून कळा आणायची औषधं दिली, तर टाके उसवण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. याबद्दल वहिनीशी कोणी बोललंय का?

रानजाई
बोललेत. कळा आपोआप आल्या तरच प्रयत्न, असं ठरलंय. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’ लिहिलंय, पोटावरची खूणही आडवी आहे.

अबोली
पोटावरच्या खुणेवरून गर्भाशयावरचा छेद कळत नाही! ‘एलएससीएस’ म्हणजे छेद खालच्या भागात, इतकंच. पायाळू बाळ काढताना तो वरच्या बाजूला वाढवावा लागला होता का, हे ऑपरेशनच्या नोंदीत असतं. ती नोंद मागून घ्या. आणि दवाखान्यात स्पष्ट विचारा: रात्री दोनला गरज पडली तर भूलतज्ज्ञ तिथेच असतो की घरून बोलवावा लागतो? घरून येत असेल तर दवाखाना तरी बदला, नाहीतर तारीख ठरवून सिझर करून घ्या.