पेपालची फी गिऱ्हाईकावर टाकायची कशी?

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर विक्रेत्याला पैसे पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेतून मिळायचे, तेव्हाचा हा एका दादांचा प्रश्न: अथणीच्या चपला परदेशी बोलीदाराला विकताना लिलाव संपल्यावर ‘पेपाल फी वेगळी’ लावावी का? उत्तर होतं, लावू नका. ईबेवर पेमेंटच्या पद्धतीसाठी जादा आकार घेणं नियमात बसत नाही. गिऱ्हाईकाने तक्रार केली तर लिस्टिंग, म्हणजे साइटवरची तुमच्या मालाची नोंद, जाऊ शकतं. फी सुरुवातीच्या बोलीतच मुरवा.

पण हिशेब उलटा करा. समजा फी 4.4% अधिक 30 सेंट आहे आणि हातात 50 डॉलर हवेत. बरेच जण 50 वर 4.4% काढून 30 सेंट मिळवतात, म्हणजे 52.50. फी कापली जाते ती या पूर्ण रकमेवर, म्हणून हाती 49.89 येतात. बरोबर रीत: 50.30 भागिले 0.956, म्हणजे 52.62. त्या 50 मध्ये टपालखर्चही धरा, कारण फी त्यावरही लागते. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

डॉलरचे रुपये करताना पेपालचा दर बाजारदरापेक्षा कमी असतो, तो फरक वेगळा धरा. आणि चपलांचं माप सेंटिमीटरमध्ये आधीच लिहा. माप चुकून रिफंड द्यावा लागला तर कापलेली फी परत मिळत नाही.