सह्याद्रीच्या पोटात न्यूट्रिनो शोधक व्हावा का?

देवगडकर:
तमिळनाडूत थेनीजवळ बोडीच्या डोंगरातली न्यूट्रिनो (जवळपास कशालाही न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण) टिपणारी वेधशाळा विरोधामुळे रखडली. मी म्हणतो, फुटणाऱ्या ताऱ्यांसाठी आपल्या सह्याद्रीत पाण्याच्या मोठ्या टाकीचा शोधक, म्हणजे न्यूट्रिनो टिपणारं यंत्र, बांधा. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅजेलॅनिक मेघात, म्हणजे शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो उजेडाच्या दोन-तीन तास आधी पोचले. जपानात कामिओकाच्या खाणीत ११ टिपले गेले, अमेरिकेत मिठाच्या खाणीत ८, रशियात बाकसानला ५. एवढ्याशा नोंदींवरून ताऱ्याचा गाभा कोसळतो कसा, ते कळलं. आणि कामिओकाची टाकी बांधली होती प्रोटॉनचा ऱ्हास, म्हणजे अणूच्या गाभ्यातला हा कण कधी आपोआप मोडतो का, ते शोधायला! तयार होती म्हणून घबाड हाती लागलं.

राजापूरवाला:
बोडीचं उदाहरण इथे लागू नाही. तो ५० हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक, वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंसाठी. ताऱ्याचे न्यूट्रिनो त्यामानाने फार कमी ऊर्जेचे, जाड लोखंडी पत्र्यांत त्यांचा मागमूस लागणं कठीण. आणि पाण्याचाच हवा तर जपानचा सुपर-कामिओकांडे शोधक १९९६ पासून ५० हजार टन पाणी घेऊन बसलाय. आपल्या दीर्घिकेत तारा फुटला तर त्यात हजारो नोंदी होतील. आपण पैसा का ओतायचा?

देवगडकर:
लोखंडाचं मान्य. पण तारा फुटेल नेमका त्या दिवशी सुपर-कामिओकांडे दुरुस्तीसाठी बंद असला तर? असा स्फोट आपल्या दीर्घिकेत शतकात एखाद-दुसरा, न्यूट्रिनोंची लाट काही सेकंदांची. शिवाय लांब-लांबच्या शोधकांच्या वेळा ताडून तारा कुठल्या दिशेला फुटला ते काढता येतं, दुर्बिणी आधीच वळवता येतात.

सावंतवाडीची:
न्यूट्रिनोंची मला भीती नाही, ते आत्ताही अंगातून आरपार जातायत. माझा सवाल बोगद्याचा आहे. वैश्विक किरणांपासून होणारे म्युऑन नावाचे कण शोधकात गोंधळ घालतात, ते अडवायला डोक्यावर किलोमीटरभर खडक हवा. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे खोळंबली, तो तर साधा रेल्वेचा बोगदा. पावसाळाभर आंबोलीचा कातळ ठिबकत असतो. डोंगर पोखरलो आणि झऱ्याचा पाणी गेला, तर बघतलो कोण? आमच्या पाणंदीखालची विहीर मार्चपर्यंत टिकते ती त्या झऱ्यावरच.

राजापूरवाला:
हेच. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल १९६५ मध्ये टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) लोकांनी वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते. खाण आधीच खणलेली, नवा डोंगर फोडावा लागला नाही.

देवगडकर:
ती खाण २००१ ला बंद झाली. जागेचा हट्ट माझा नाही, पण शोधक भारतात हवाच. सह्याद्री धरायचा तर आधी झऱ्यांची वर्षभर मोजणी करा, आकडे ग्रामसभेत ठेवा.

सावंतवाडीची:
वर्षभर नाही, निदान तीन पावसाळे. आणि नाही म्हणायचा हक्क ग्रामसभेला.