अनुभव धागा : दुसरी जॉयस्टिक कोणाच्या हातात होती?

माळा आवरताना टीव्ही गेमची एक पिवळी पडलेली कॅसेट सापडली आणि हा धागा काढावासा वाटला. कोनामी या जपानी कंपनीचा 'कॉन्ट्रा' हा खेळ १९८७ साली व्हिडिओ गेम पार्लरच्या यंत्रांवर आणि पुढच्या वर्षी घरगुती यंत्रांवर आला. पुण्यातल्या घराघरांत मात्र तो नव्वदच्या दशकात, नक्कल केलेल्या स्वस्त यंत्रांबरोबर पोहोचला. उघड्या छातीचे दोन जवान बंदुका घेऊन परग्रहावरच्या राक्षसांचा नायनाट करायला निघतात, हा प्रकार आज हास्यास्पद वाटतो आणि तेव्हाही थोडा वाटतच होता. एकट्याने खेळ पूर्ण केल्याचे पराक्रम येथे नकोत. शेजारी कोण बसले होते, ते लिहावे.

सदाशिव पेठेतून

आमच्या वाड्यात टीव्ही गेम मित्राकडे होता, माझ्याकडे नव्हता; त्यामुळे पहिली जॉयस्टिक त्याची आणि दुसरी माझी ही वाटणी कोणी ठरवली नाही आणि कोणी मोडलीही नाही. त्या यंत्राच्या दुसऱ्या जॉयस्टिकला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणेच नव्हती. मूळ जपानी यंत्रातच तशी रचना होती आणि नक्कल करणाऱ्यांनी ती जशीच्या तशी उचलली. परिणामी मला तहान लागली तर खेळ थांबवण्यासाठी त्याची विनवणी करावी लागे आणि तो "हा एवढा मरू दे" म्हणून पुढे जात राही. तीस लाइफचा, म्हणजे तीसदा मरायची मुभा मिळवण्याचा मंत्र, वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, हाही त्यालाच म्हणता येई. दोघांनी खेळायचे असेल तर त्यानंतर स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबावे लागते. आमचे भांडण झाले असले की तो ते नेमके विसरत असे आणि पडद्यावर एकटा निळ्या विजारीवाला उतरे. लाल विजारीवाला, म्हणजे मी, सतरंजीवर बसून पाहत राही.

खरा छळ तिसऱ्या टप्प्यातल्या धबधब्यावर होई. तेथे पडदा वर सरकत जातो. पुढचा खेळाडू भराभर उड्या मारत चढला की खालच्याच्या पायाखालचा कडा पडद्याबाहेर जातो आणि तो एकही गोळी न लागता मरतो. त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी शत्रूपेक्षा मित्राच्या घाईनेच अधिक वेळा मेलो. एकदा काकू मागे बसून गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, "अरे, त्याला वर येऊ दे की आधी." त्यांना त्या खेळातले किती कळत होते, याचा अंदाज मला तेव्हा प्रथम आला.

कोथरूडहून

माझा अनुभव मुख्यतः बिघाडांचा आहे. कॅसेट लागली नाही की मी आणि मित्र आळीपाळीने तिच्यात फुंकर मारत असू. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकल्यावर कळले की उपयोग फुंकरेचा नसून काढून पुन्हा बसवण्याचा होता. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या उलट गंजतात. दोघांच्याही हाती 'एस' आली, म्हणजे पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरवणारी बंदूक मिळाली, की गोळ्या लुकलुकू लागत. यंत्राला एका आडव्या रेषेत अशी आठच हलती चित्रे काढता येतात, हे त्यामागचे कारण. आम्ही मात्र टीव्हीला दोन थपडा मारत असू. खेळ साठवून ठेवण्याची सोय नव्हतीच, त्यामुळे गुरुवारी ठरल्याप्रमाणे वीज गेली की सहाव्या टप्प्यावरून थेट पहिल्यावर.

सहकारनगरहून

आम्ही दोघी मैत्रिणी खेळत असू, हे मुद्दाम लिहिते, कारण आतापर्यंत सगळे मित्रच आलेले आहेत. आठव्या टप्प्याच्या शेवटी एक भलेमोठे धडधडणारे हृदय समोर येते. त्याच वर्षी आम्हाला शास्त्राच्या पेपरासाठी हृदयाची आकृती होती, त्यामुळे मैत्रीण "डाव्या जवनिकेवर मार!" असे ओरडत असे आणि मी खरोखर तिकडे नेम धरत असे. हे सगळे कुठे आणि कशासाठी चालले आहे, हे आमच्या कॅसेटमध्ये कोठेही सांगितलेले नव्हते. २०१९ साली जुन्या भागांचा संच निघाला, त्यातल्या जपानी आवृत्तीत कथेची दृश्ये पाहायला मिळाली. काळ इसवी सन २६३३ आणि स्थळ न्यूझीलंडजवळचा द्वीपसमूह. अमेरिकेत खेळ विकताना ही दृश्ये गाळली होती. आम्ही दोघींनी तो सिंहगडामागचा जंगलाचा भाग ठरवला होता आणि मला अजूनही तेच अधिक पटते.

नारायण पेठेतून

आमच्याकडे 'मुस्तफा' (मूळ नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स') जास्त चाले, पण तो नेमबाजीपेक्षा मारामारीचा खेळ असल्याने येथे थांबतो.

पुन्हा सदाशिव पेठ, सध्या मुक्काम बावधन

वरच्या पहिल्या अनुभवातला निळ्या विजारीवाला मी. धागा त्यानेच मला पाठवला. धबधब्याचा आरोप मान्य आहे. सिलेक्टचा मान्य नाही. त्या बटणाखालचे रबर झिजलेले होते आणि दोन-तीनदा दाबल्याशिवाय ते लागत नसे. मुद्दाम विसरण्याइतका हुशार मी तेव्हा नव्हतो. आईला हा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, गवार नव्हती, घेवडा होता. यंत्र अजून कपाटात आहे, अ‍ॅडॉप्टर तेवढा गेलेला आहे. शनिवारी तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन पाहतो. मिळाला तर ये, आणि या वेळी पहिली जॉयस्टिक तू घे, म्हणजे ते सिलेक्ट कसे लागते ते तुला कळेल.